दहा राग, एक ठेका

वरातीत नाचणाऱ्याला गाणं कोणाचं हे माहीत असतं. गायक माहीत असतो, सिनेमा माहीत असतो, क्वचित संगीतकारही. पण त्या गाण्याखाली छातीत घुमणारा जो ठोका घातलेला असतो तो कोणी घातला हे त्याला माहीत नसतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. परभणीत वसमत रोडनं वरात निघाली की गाडीच्या कपाळावर साउंडवाल्याचं नाव दिव्यांत लखलखत असतं, खाली मोबाइल नंबर असतो. ठोका करणाऱ्याचं नाव मात्र ट्रॅकच्या आतच बसवलेलं असतं. मधूनच एक यांत्रिक बायकी आवाज येतो, डीजे अमुक असं सांगतो आणि विरून जातो. तोवर नवरदेवाच्या मित्रांनी नवं रिंगण धरलेलं असतं.

हे पुस्तक त्या ठोका करणाऱ्यांविषयी आहे. त्यातही मुख्यतः एका माणसाविषयी, ज्यानं १९८२ साली मुंबईत तीन जपानी यंत्रांवर नाचाची एक रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. अठ्ठावीस वर्षांनी ती युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार म्हणवणाऱ्यांना वाटलं की कोणीतरी आपली थट्टा करतंय. माणसाचं नाव चरणजित सिंग. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. काढली होती एचएमव्हीनं, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं.

लेखक आमच्याच जिल्ह्यातला आहे. मुंबईतला सरदारजी, सिंथेसायझर, शिकागो, ॲमस्टरडॅम हे सगळं आपल्याकडच्या वाचकाला फार लांबचं वाटेल अशी त्याला धास्ती होती. मला ती पटली नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण छाती काढून सांगत आलो आहोत. यंत्रसंगीतापुरतं त्यातलं जर्मनीचं नाव तरी योग्यच आहे, कारण ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या मंडळींनी १९७४ साली ‘ऑटोबान’ काढून या संगीताला घरोघर नेलं. परभणीचं काय, ते पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे, आणि मला तोच भाग सगळ्यांत मोलाचा वाटला. पण तिथं जायचा रस्ता मुंबईवरून जातो.

चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बेस गिटार, पुढं सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या रेकॉर्डिंगला सकाळी वाद्याची पेटी घेऊन स्टुडिओत पोचणाऱ्या त्या मोठ्या ताफ्यातले एक. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधलं ‘दम मारो दम’ आठवा. आशाबाईंच्या आवाजाखाली गुंगी आणणारा एक सूर सतत धरून ठेवलेला आहे. तो ट्रान्झिकॉर्डचा. दिसायला हे वाद्य अकॉर्डियनसारखं, पण भात्याच्या हवेवर नव्हे, विजेवर चालणारं. वाजवणारे चरणजित सिंग. ते गाणं पाठ असलेल्या लाखो लोकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? दोष लोकांचा नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. गोव्याहून आलेले सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदी सिनेमाला वाद्यमेळ शिकवला, पारशी केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणून सिनेमाला नवा आवाज दिला. पण त्यांची कहाणी नीट एकत्र लिहिली गेली ती २००८ साली, ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात.

सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डीही सिंग यांच्या नावावर निघत. सलूनमध्ये, हॉटेलात, समारंभ सुरू होण्याआधी लावायचं हे संगीत. त्याला मागणी बऱ्यापैकी असे, मान फारसा नसे.

१९८० च्या सुमारास मुंबईत डिस्कोचं वारं होतं. ‘कुर्बानी’ मधलं नाझिया हसनचं गाणं १९८० चं, बिद्दूनं केलेलं. पुढच्याच वर्षी तिचा ‘डिस्को दीवाने’ आला. डिसेंबर १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतानं नटलेला ‘डिस्को डान्सर’. सिनेमात जिकडंतिकडं हा ठेका वाजत होता आणि सिंग तो रोज वाजवत होते. आपल्याला काय सुचलं ते त्यांनी उतारवयात मुलाखतींत साधेपणानं सांगितलं आहे: डिस्को आहेच, तर गाणं काढून टाकावं, तबला बंद करावा आणि त्या ठेक्यावर राग वाजवावेत. एवढंच. त्यामागं कसला जाहीरनामा नव्हता. बाकी रेकॉर्डींत आपण सिनेमाची गाणी वाजवली, ही मात्र आपली स्वतःची करणी, असंही ते सांगत.

आता त्या यंत्रांकडे थोडं जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथं आहे.

तिन्ही यंत्रं रोलँड या जपानी कंपनीची, सिंगापुरातून आणलेली. पहिलं ज्युपिटर-८: मोठं, महागडं, एका वेळी आठ सूर वाजवणारं. हे सिंग हातानं वाजवत. दुसरं टीआर-८०८, तालाचं यंत्र, १९८० साली बाजारात आलेलं. तिसरं टीबी-३०३, चंदेरी प्लॅस्टिकची एक छोटी डबी. एकट्यादुकट्या गिटारवाल्याला साथीला बेस वाजवणारा मिळत नसेल तर त्याची सोय व्हावी, असा तिच्यामागचा साधा विचार. सोय काही झाली नाही. सूर आधी एकेक करून भरायचे, त्यांची लांबी नंतर वेगळी भरायची. एवढी उस्तवार करून आवाज येई तो बेस गिटारचा नव्हेच, एखाद्या रबरी प्राण्याचा. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ साली कंपनीनं तिला रामराम ठोकला.

८०८ च्या पुढच्या कडेला सोळा बटणं एका ओळीत बसवलेली आहेत. चार तांबडी, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. बटण दाबलं की त्या जागेवर ठोका पडतो, पुन्हा दाबलं की उठतो. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी तबल्याच्या क्लासला बसलेला कोणीही ती ओळ पाहून थबकेल. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग: हा तर तीनताल, कोणीतरी रंगवून ठेवलेला! डिस्कोचा मुख्य ठोका, ज्याला किक म्हणतात, तो पडतो पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या बटणावर. म्हणजे सम, टाळी, खाली, टाळी. आणि फरक नेमका तिथंच आहे. तीनतालात खालीच्या विभागात डग्ग्याची घुमार निघून जाते. त्या पोकळीमुळं ऐकणाऱ्याला कळतं की आवर्तन अर्ध्यावर आलं, सम आता येईल. डिस्कोला खाली मान्य नाही. नवव्या बटणावरही तितक्याच जोरानं ठोका बसतो. चारही विभाग तोंडावळ्यानं सारखे, त्यामुळं नाचणाऱ्याला सम शोधत बसावं लागत नाही, त्याचं दर पाऊल समेवरच पडतं. बैठकीतल्या श्रोत्याला यात तालाचा अपमान वाटेल. वरातीतल्या माणसाला ही सवलत वाटते. मला दोघांचंही पटतं, हे सांगून टाकतो.

३०३ चं वेगळं. तिच्यात दर सुराला लावता येणारी ‘स्लाइड’ नावाची एक खोड आहे. ती लावली की एक सूर तुटून दुसरा लागत नाही, पहिला घसरत दुसऱ्यात जातो. याला मींड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सतारिया मींड हवी तेवढी सावकाश ओढतो, मध्येच रेंगाळतो. यंत्राची घसरण ठरलेल्या क्षणात उरकते. तरीही हार्मोनियमला जे जन्मात जमलं नाही ते या डबीला थोडंफार जमतं. आकाशवाणीनं १९४० पासून तीसएक वर्षं हार्मोनियमला दारात उभं केलं नाही, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं: पट्टीवरून पट्टीवर उडी मारावी लागते, मधली वाट नाही. जी डबी तिच्या जन्मदात्यांना बेस गिटारची नक्कल म्हणून फसलेली वाटली, तिच्यात सिंग यांना रागाला चालेल असा गळा ऐकू आला असावा. हा माझा तर्क. पण रेकॉर्ड ऐकताना तो सारखा मनात येतो.

राग कोणते घेतले तेही बघण्यासारखं आहे. ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही त्या दहांतली काही नावं. त्यातले भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार तर औडव, पाच-पाच सुरांचे. यंत्रात सूर भरून फिरवत ठेवायचे असतील तर पाच सुरांचा राग सोयीचा: कुठूनही कुठं गेलं तरी वर्ज्य सुराला धक्का लागत नाही. पण मग तोडी आणि ललित कशाला घेतले? सोयच बघायची तर हे दोन्ही टाळण्याजोगे. इथं सिनेमातला वादक संपून शिकलेला माणूस दिसायला लागतो.

रेकॉर्ड प्रत्यक्षात कशी आहे? सुरुवातीला ज्युपिटरवर जेमतेम आलाप, सूर वाकवत, पाण्यात शाई सोडावी तसा. मग ठेका सुरू होतो आणि पाच मिनिटं थांबत नाही. खाली ३०३ चं चक्र फिरत राहतं, वर ज्युपिटरवर रागाचं चलन, ताना, पुन्हा चलन. तंबोरा नाही, त्याचं षड्जाचं काम खालचं चक्र करतं. बढत नाही. ज्यांनी रात्र-रात्र बैठका ऐकल्या आहेत त्यांना रागाचं हे पाकीट पुरणार नाही, आणि ज्यांना नुसतं नाचायचं होतं त्यांना १९८२ मध्ये यात गाणं सापडलं नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली. रेकॉर्ड चालली नाही. सिंग यांनी त्याचा फार बाऊ केल्याचं दिसत नाही. ते वाजवत राहिले. लग्नसमारंभांत ऑर्केस्ट्रा घेऊन जात राहिले.

हे वाक्य वाचकानं विसरू नये अशी माझी विनंती आहे. पुढं ज्यांना पाश्चात्त्य समीक्षकांनी द्रष्टा वगैरे म्हटलं, ते मधली कित्येक वर्षं लग्नांत वाजवत होते.

इकडं शिकागोत काय चाललं होतं? १२ जुलै १९७९ ला त्या शहरातल्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून तो सुरुंगानं उडवून देण्यात आला. रेडिओवरच्या एका निवेदकाची ही कल्पना. गर्दी मैदानात घुसली, खेळ रद्द करावा लागला. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनांचं, समलिंगी मंडळींचं संगीत, आणि रागाचं खरं कारण ठेका नसून ठेक्यावर नाचणारे होते, असं पुढं पुष्कळांनी लिहिलं. नाचणारे काही नाच सोडून घरी बसले नाहीत. त्याच शहरातल्या क्लबांतून ‘हाउस’ उभं राहिलं. तिथल्या पोरांच्या खिशाला नवी यंत्रं परवडत नव्हती, तेव्हा जुन्या बाजारात कवडीमोलानं पडलेली ३०३ त्यांच्या हाती लागली. डीजे पिअर आणि त्याच्या सोबत्यांनी, फ्यूचर या नावानं, ती डबी बेस म्हणून वाजवायचं सोडून तिची बटणंच पिळायला सुरुवात केली. सूर तेच, पण आवाज किंचाळू लागला, कुरकुरू लागला. १९८७ साली त्यांचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ निघाला, दहा मिनिटांहून मोठा. ॲसिड हाउस या नावानं ते वेड शिकागोतून इंग्लंडात पोचलं आणि मग सगळीकडं.

म्हणून जेव्हा २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली तेव्हा ऐकणारे चक्रावले. तीच डबी, तसाच ठेका, तीच घुमणारी चक्रं, आणि साल १९८२! डच संग्राहक एडो बाउमन यांना ती २००२ मध्ये दिल्लीत जुन्या रेकॉर्डींत सापडली होती. त्यांनी आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती काढली. एफेक्स ट्विन या खोडकर ब्रिटिश संगीतकारानं टोपणनावानं हा उद्योग केला असावा, अशी कुजबुज बरेच दिवस चालली. मुंबईत सत्तरीला टेकलेला एक माणूस हयात आहे, त्याच्याकडं विचारता येईल, हे बऱ्याच जणांना सुचलंच नाही.

इथं माझं आणि या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेक मंडळींचं वाजतं. ॲसिड हाउसचा खरा जनक मुंबईचा, असा मथळा वाचला की आपल्याला बरं वाटतं, कारण पुष्पक विमानापासून आपल्याला ही सवय आहे. पण जनक म्हणायचं तर वंश लागतो. शिकागोतल्या कोणाच्या कानावर ही रेकॉर्ड गेल्याचा काही पुरावा नाही, आणि सिंग यांनीही कधी तसा दावा केला नाही. शिकागोच्या पोरांनी जे केलं, म्हणजे आवाजाचीच पिळवणूक करून तिला संगीत मानणं, ते सिंग यांच्या रेकॉर्डीत नाही. त्यांना राग नीट वाजायला हवा होता. एकच यंत्र, दोन वेगळ्या गरजा. कोणी कोणाकडून काही घेतलं नाही, तरी दोन्हीकडं माणसं नाचू शकतात, हेच मला जास्त विलक्षण वाटतं. या पुस्तकाच्या लेखकानं हा जनक शब्द टाळला आहे, त्याबद्दल त्याचे आभार.

त्यानंतरची वर्षं म्हणजे सिंग यांचं तथाकथित पुनरागमन. वयाच्या सत्तरीनंतर ते युरोपातल्या मंचांवर उभे राहिले, ते दहा राग नातवंडांच्या वयाच्या गर्दीपुढं वाजवू लागले, आणि जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. परत आले म्हणायला आधी जावं लागतं. सिंग कुठंच गेले नव्हते. मुंबईतच होते, वाजवत होते. गेले होते ते ऐकणारे. आणि हे एकट्या सिंग यांचंच नाही. अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीनं; गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथं केलेल्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात धूळ खात पडल्या होत्या. पॉल पुरगस यांनी त्या शोधून काढल्या आणि त्या जगापुढं रेकॉर्ड म्हणून आल्या त्या २०२३ मध्ये.

आता परभणी.

आमच्या लग्नांत आधी हलगी आणि संबळ होते, मग ब्रास बँड आला, मग बँजो पार्टी. बँजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, टाइपरायटरसारख्या बटणांचं तारवाद्य, विजेच्या तारेला जोडलेलं. त्याचा पूर्वज ताइशोगोतो हा जपानातला, १९१२ चा. बँजोच्या शेजारी उभा असतो ऑक्टापॅड, आठ रबरी चौकोनांचं तालयंत्र, आणि तो १९८५ साली काढला त्याच रोलँडनं, जिनं ३०३ काढली होती. म्हणजे पालमच्या किंवा सोनपेठच्या वरातीत जपान दोनदा हजर होता आणि कोणाला त्यात काही परकं वाटलं नाही. ऑक्टापॅडवाला त्यात हलगीचा आवाज बसवून घ्यायचा आणि काडीनं हलगीचे तोडे काढायचा. शेजारी खरी हलगी असली तर तिचा घसा बसायचा.

मग डीजे आला. बँजोवाल्यांची सुपारी गेली, हलगीवाल्यांची तर आधीच निम्मी झाली होती. ज्या घरांत ही वाद्यं पिढीजात होती तिथली पोरं साउंडच्या गाडीवर वायरी ओढायला लागली. काही त्याच गाडीवर मिक्सर चालवायला शिकली, आणि त्यांतली थोडी ट्रॅक बनवायला. लेखकानं ज्यांच्याकडं बसून हे काम पाहिलं त्या पोरांचं वर्णन पुस्तकात विस्तारानं आहे, म्हणून इथं एकच गोष्ट सांगतो. ही पोरं एफएल स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते उघडलं की पडद्यावर सोळा खणांच्या ओळी येतात, चार-चारचे गट दोन रंगांत आलटून पालटून. ८०८ ची ती रंगीत ओळ लॅपटॉपच्या काचेखाली जाऊन बसली आहे. तळाच्या जाड खर्जाला ही पोरं ‘एटओएट’ म्हणतात. एटओएट वाढव, एटओएट फाटतोय. ते नाव कुठल्या यंत्राचं, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

काम असं चालतं. गाण्यातून सॉफ्टवेअरनं आवाज वेगळा काढायचा. त्याची लय ओढून-ताणून ठरलेल्या ठोक्यावर बसवायची. खाली किक, तिच्या मधल्या जागांत एटओएट, वर हलगीचा तोडा, तोही कधीतरी मोबाइलवर टिपून ठेवलेला. मग सगळं अचानक काढून घ्यायचं, नुसता आवाज ठेवायचा, कुठल्या तरी सिनेमातला डायलॉग टाकायचा, क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळं एकदम. नाचणारे त्या रिकाम्या क्षणाची वाट बघत असतात. मला विचाराल तर तालातून हरवलेली खाली इथं मागच्या दारानं परत आली आहे. आणि ‘साउंड चेक’ हा तर आपला खास प्रकार: गाणं नाहीच, फक्त खर्जाचे धक्के आणि भोंगे, दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोणाचे अठरा इंची स्पीकर जास्त हादरवतात ते बघायला. दुकानांची शटरं वाजायला लागली की ट्रॅक पास.

हे सगळं कौतुकानं लिहितोय म्हणून गैरसमज नको. वरात दवाखान्यासमोरून जाते तेव्हा माझंही डोकं उठतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. अठरा इंची स्पीकरची भिंत त्या ५५ च्या कुठल्या कुठं पुढं असते. कानाच्या पडद्याला लय कळत नाही. पण आवाज किती, हा एक प्रश्न आणि त्या आवाजात काय आहे, हा दुसरा. आपल्याकडं पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटवून टाकतात. त्यातही सगळ्याच मिरवणुकींच्या आवाजाला सारख्याच शिव्या पडतात असं नाही. १४ एप्रिलला परभणीत, पूर्णेत जी मिरवणूक निघते, तिच्यात वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद शिंद्यांपर्यंतचा भीमगीतांचा सगळा वारसा या पोरांच्या ट्रॅकवर स्वार होऊन येतो. जुन्या कॅसेटमधला घासलेला आवाज, त्याखाली नवा खर्ज. पेपरात दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख असतो तो फक्त डेसिबलमध्ये. शिकागोच्या मैदानाची गोष्ट मी वर उगाच सांगितली नव्हती.

मराठीतून हे संगीत बाहेर जातं तेव्हा आपण मात्र लगेच टाळ्या वाजवतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या नामवंत डच लेबलवरून निघालं आणि मराठी बोलांचा हाउस जगभर वाजला, याचा आनंद मलाही झाला. सिंग यांना मान मिळाला तोही नेदरलँड्समार्गेच. जिंतूर रोडवर बनलेल्या ट्रॅकला ॲमस्टरडॅमचा शिक्का लागेपर्यंत थांबायचं की आत्ताच कान द्यायचा, एवढाच लेखकाचा प्रश्न आहे, आणि तो त्यानं कुठंही रडगाणं न गाता मांडला आहे. त्याचं एक मला खटकलं. ट्रॅक बनवणाऱ्या मुली त्याला भेटल्या नाहीत की त्यानं शोधल्या नाहीत, हे पुस्तकातून कळत नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर हे बघावं.

वाचायला लागण्याआधी रेकॉर्ड ऐकावी. ती आता सहज मिळते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, ३०३ चा खर्ज त्यातून येतच नाही. शेजारच्या साउंडवाल्याकडं चहाच्या वेळी गेलात तर तो हौसेनं लावून देईल, आणि त्याचं मत काय पडतं ते ऐकण्यासारखं असेल. सुरुवात ललितपासून करा. दोन मध्यम लगोलग येणारा हा राग यंत्रानं कसा पेलला आहे ते बघा. मग भूपाळी, तिची ओळख पहाटेच्या रेडिओपासून आपल्या सगळ्यांना आहे, त्यामुळं काय बदललं ते पटकन कळेल. यमन, मेघ मल्हार कधीही. मालकंस शेवटी. त्याची वेळ मध्यरात्रीची, आणि आपल्याकडं दहाला साउंड बंद होतो, तेव्हा तेवढ्यापुरता हेडफोन लावावा लागेल.